झाशीची पोरं आणि मानांकनाचा आकडा



कॉलेजच्या बास्केटबॉल स्पर्धेचा ड्रॉ नोटीस बोर्डावर लागला की पहिली पाच मिनिटं तिथे नुसती झुंबड असते. आपलं नाव कुठे आहे, समोर कोण आलंय, बाय मिळाला का, पहिलं मानांकन कोणाला दिलंय. आणि मग वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, पहिलं मानांकन आहे ना, मग फायनलला तेच असणार. दुसरा म्हणतो, मानांकन राहू दे बाजूला, त्यांच्या पाचांपैकी किती जणांनी बरोबरीत असलेल्या सामन्याची शेवटची दोन मिनिटं खेळलीत ते सांग. मी कॉलेजात होतो तेव्हा हा वाद ऐकला, आणि आजही मुलं हाच घालतात. मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी हाच प्रश्न विचारला होता, म्हणून आजचा भाग त्यावर. पण उत्तर शोधायला मी तुम्हाला बास्केटबॉलच्या कोर्टवर नाही, आधी झाशीला नेणार आहे, हॉकीच्या मैदानावर. कारण ह्या वादातला सगळ्यात स्वच्छ सामना मला तिथल्या संघाने खेळलेला सापडला.

त्याआधी मानांकन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. इंग्रजी शब्द सीडिंग. सीड म्हणजे बी. सगळं बी एकाच जागी पडलं तर रोपं एकमेकांना मारतात, म्हणून अंतर ठेवून पेरायचं. तसेच चांगले संघ ड्रॉमध्ये दूर दूर पेरायचे. ही पद्धत टेनिसमध्ये रुजली. विम्बल्डनने १९२४ मध्ये देशांच्या हिशोबाने थोडी सुरू केली आणि १९२७ पासून खेळाडूच्या गुणवत्तेवर मानांकन द्यायला लागले. पेरणीचा उपयोग किती, ते साध्या गणितात बघा. सोळा संघ, बाद पद्धत, आणि समजा चांगला संघ प्रत्येक वेळी जिंकतोच. नुसत्या चिठ्ठ्या टाकून ड्रॉ काढला, तर दोन नंबरचा संघ फायनलला पोहोचायची शक्यता पंधरापैकी फक्त आठ. उरलेल्या सात वेळा तो एक नंबरच्या अर्ध्या भागात पडतो आणि फायनलच्या आधीच घरी जातो. म्हणजे मानांकन नसेल तर उपविजेता हा जवळजवळ नाणेफेकीचा मामला होतो. त्यामुळे मानांकन म्हणजे मोठ्यांचे लाड, असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. ती आयोजकाची सोय आहे, प्रेक्षकाची सोय आहे, आणि बऱ्याच अंशी न्यायही आहे.

भानगड पुढे आहे. हा आकडा ठरवायचा कशावरून? बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या निकालावरून. टेनिसमध्ये ते चालतं, कारण मागच्या वर्षी जिंकलेला माणूस आणि यंदा खेळणारा माणूस एकच. कॉलेजच्या संघात तसं असतं का? तीन वर्षांची पदवी. मागच्या वर्षी कप उचलणाऱ्या पाचांतले तीन पास होऊन नोकरीला लागलेले असतात. मानांकन कॉलेजच्या नावाला चिकटून राहतं आणि अनुभव सर्टिफिकेट घेऊन गेटबाहेर पडतो. आमच्याच कॉलेजला एका वर्षी दुसरं मानांकन होतं. ते ज्यांनी मिळवलं त्यांच्यातला एकही जण संघात उरला नव्हता. बाय मिळाला, टाळ्या मिळाल्या, आणि पहिल्याच सामन्यात पहिल्यांदा स्पर्धेला आलेल्या एका तालुक्याच्या कॉलेजने आम्हाला अर्ध्या तासात गुंडाळलं. त्यांचे पाचही जण शाळेपासून एकत्र खेळत होते. तेव्हा मला ह्या आकड्याबद्दल पहिल्यांदा शंका आली.

आता चला झाशीला.

झाशी म्हटलं की मराठी माणसाला नेवाळकर आठवतात, राणी लक्ष्मीबाई आठवते, वेढ्याच्या वेळी शहरात अडकलेले वरसईचे गोडसे भटजी आठवतात. ते सगळं आपण आधीच्या भागांत बघितलंय. पण त्यानंतरची झाशी आपल्याला फारशी ठाऊक नसते. सत्तावन्नच्या उठावानंतर हे शहर काही काळ शिंद्यांकडे होतं. १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत दिला आणि त्याच्या बदल्यात झाशी घेतली. मग छावणी वाढली, रेल्वे आली, कारखाना आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रेल्वे जीआयपीत सामील झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदरच्या कंपनीत. हे जीआयपी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छावणीचं स्वतःचं एक मानांकन असतं, आणि ते खांद्यावर आणि दंडावर शिवलेलं असतं. शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार. कोण कोणाला सलाम करणार, कोणाला रजा मिळणार, सगळं त्यावर. अशा वातावरणात एक मुलगा वाढला. वडील सामेश्वर सिंग लष्करात, बदल्या होत होत कुटुंब झाशीत स्थिरावलं. मुलाचा जन्म १९०५ चा, प्रयागचा. त्याला लहानपणी हॉकीपेक्षा कुस्तीची ओढ जास्त. १९२२ मध्ये तो शिपाई म्हणून भरती झाला आणि तिथे सुभेदार-मेजर बाले तिवारींनी त्याच्या हातात गंभीरपणे हॉकीची काठी दिली. तुम्ही ओळखलं असेलच. ध्यानचंद.

१९२६ मध्ये भारतीय लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला. एकवीस सामने, अठरा जिंकले, दोन बरोबरीत, एक हरले. ध्यानचंद परत आले ते नाव घेऊन. तरीही १९२८ च्या ऑलिम्पिकसाठी त्यांना परीक्षा द्यावी लागली. आंतरप्रांतीय स्पर्धेत ते संयुक्त प्रांताकडून खेळले, त्यांचा संघ जिंकला, मग निवड झाली. अ‍ॅम्स्टरडॅमला भारताने पाच सामन्यांत एकोणतीस गोल केले आणि एकही खाल्ला नाही. त्यातले चौदा ध्यानचंदांचे.

आता चार वर्षांनंतरची गंमत बघा. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पुन्हा आंतरप्रांतीय स्पर्धा ठेवली. हॉकी महासंघाने लष्कराला कळवलं, ध्यानचंदांना खेळायला सोडा. त्यांच्या पलटणीने रजा नाकारली. जगातला सगळ्यात मोठा हॉकीपटू, पण छावणीच्या मानांकनात तो खालच्या हुद्द्याचा जवान. महासंघाने मग परीक्षा न घेताच त्यांना संघात घेतलं. आणि त्यांचा धाकटा भाऊ रूपसिंग? त्याला मात्र स्पर्धा खेळून जागा मिळवावी लागली. एकाच घरातले दोघे. एक मानांकित, थेट आत. दुसरा पात्रता फेरीतून. लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्धचा सामना चोवीस विरुद्ध एक असा सुटला, त्यात रूपसिंगचे गोल दहा आणि ध्यानचंदांचे आठ. पात्रता फेरीवाला पुढे!

ध्यानचंदांना थेट घेणं चूक होतं असं मी म्हणत नाही. उलट मला ते मानांकनाचं सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं, कारण तिथे आकडा माणसाला दिला होता. ज्याने गोल केले तोच पुन्हा खेळणार होता.

आणि आता १९३३. कलकत्त्याचा बेटन कप. ही स्पर्धा १८९५ पासूनची, आणि त्या काळच्या हॉकीत ती जिंकणं म्हणजे देशातला पहिला क्लब ठरणं. ध्यानचंद आपल्या गावच्या क्लबचा संघ घेऊन गेले. नाव झाशी हिरोज. फायनलला समोर कलकत्ता कस्टम्स. ध्यानचंदांनी पुढे आत्मचरित्रात आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला सामना म्हणून ऑलिम्पिकचा कुठलाही सामना निवडला नाही. हा निवडला. त्यांनी दिलेल्या तपशिलावरूनच पुढचं सांगतो.

कस्टम्सचा संघ कसा? शौकत अली, असद अली, डीफोल्ट्स, सीमन, मोहसीन. त्यातले शौकत अली आणि सीमन हे १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या संघात ध्यानचंदांच्या बरोबरचे. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. आकडा छापायचा तर पहिलं मानांकन डोळे मिटून त्यांना. झाशीकडे काय होतं? ध्यानचंद. रूपसिंग. आणि इस्माईल, जो मुंबईत जीआयपी रेल्वेकडून खेळायचा. म्हटलं होतं ना, जीआयपी लागेल. बाकी सगळी कोवळी पोरं. मोठं नाव एकाचंही नाही. ध्यानचंद स्वतःच तसं सांगतात, आणि पुढे सांगतात की ही पोरं मात्र जिवावर उदार होऊन खेळायला आलेली होती.

सामना कसा झाला? कस्टम्सचा दबाव होता. झाशीचा गोल अगदी त्यांच्या हातात आलेला. अशा वेळी ध्यानचंद मधूनच चेंडू घेऊन सुटले आणि मैदानाच्या मध्यावरून त्यांनी इस्माईलला एक लांब पास दिला. इस्माईल अर्धं मैदान पळाला. समोर कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलकीपर. चेंडू तू घेणार की मी, ह्यात त्या दोघांचा गोंधळ झाला. इस्माईल मधून घुसला. गोल. सामन्यातला एकमेव.

इथे थांबून ह्या गोलकडे बघा, कारण आपला सगळा वाद ह्या एका गोलात आहे. ज्यांना अनुभव जास्त, त्यांच्यात गोंधळ झाला. अनुभवाला आपण एकेका खेळाडूच्या डोक्यावर मोजतो, की ह्याने इतके सामने खेळले, त्याने तितके, बेरीज करा. पण लेफ्ट हाफ आणि गोलकीपर ह्यांच्यामधल्या त्या चार पावलांच्या जागेत ही बेरीज कामाला येत नाही. तिथे लागतो तो एकमेकांबरोबर खेळल्याचा अनुभव. बोलायला वेळच नसताना कळलं पाहिजे की आता हा पुढे जाणार, मी थांबायचं. पलीकडे ध्यानचंदांनी न बघता म्हणावं असा पास टाकला आणि इस्माईल तिथे होता. झाशीकडे अनुभवी माणसं तीन होती, पण जिथे गरज पडली तिथे त्यांतली दोन उभी होती. उरलेल्या पोरांचं काम इतकंच होतं की तो क्षण येईपर्यंत दुसऱ्या बाजूला गोल होऊ द्यायचा नाही. आणि ते त्यांनी केलं. ह्याचं श्रेय मी त्यांना पुरेपूर देतो, कारण गोल करणाऱ्यांची नावं इतिहासात राहतात आणि सत्तर मिनिटं मार खात उभे राहिलेल्यांची राहत नाहीत.

हिरोज तिथे थांबले नाहीत. कलकत्त्यातच लक्ष्मीविलास कप होता, फक्त भारतीय संघांसाठीचा. तोही जिंकून मग गावी परतले.

कोणी म्हणेल, एका सामन्यावरून काय सिद्ध होतं? खरं आहे. नशीब होतंच, आणि ध्यानचंदांनीही संधी साधल्याचं मान्य केलंय. म्हणून उलटं उदाहरण घेऊ, त्याच माणसाचं. १९३६. बर्लिन. ध्यानचंद कप्तान. ह्या वेळीही रजा नाकारली गेली होती आणि ह्या वेळीही निवड थेट झाली होती. भारत दोन वेळचा विजेता, म्हणजे जगाचं पहिलं मानांकन. १७ जुलैला सरावाचा सामना जर्मनीशी, आणि भारत चार-एक हरला! मानांकन तेच, देश तोच, पण संघ नवा होता, घडी बसलेली नव्हती. मग तार करून दारांना भारतातून बोलावून घेतलं. ते विमानाने आले आणि उपांत्य सामन्याला उभे राहिले. फ्रान्सवर दहा गोल. फायनल १४ ऑगस्टला होती, पण पाऊस कोसळला, ती १५ ला ढकलली. त्या दिवशी जर्मनी आठ-एक हरली.

त्या १४ ऑगस्टच्या पावसातच बर्लिनमध्ये आणखी एक फायनल झाली, आणि ती मात्र पुढे ढकलली नाही. बास्केटबॉलची. ऑलिम्पिकमधलं बास्केटबॉलचं हे पहिलंच वर्ष, खेळाचे जनक नेस्मिथ स्वतः हजर, आणि सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर. चिखलात चेंडू टप्पा घेईना. अमेरिका १९, कॅनडा ८. हल्ली एवढे गुण पहिल्या पाच मिनिटांत होतात.

त्या अमेरिकी संघाची निवड आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निवड स्पर्धा झाली. त्यात कॉलेजचे संघ होते आणि कंपन्यांचे संघही. चौदा जण निवडले, त्यातले सात युनिव्हर्सल ह्या सिनेमा कंपनीच्या संघातले, सहा कॅन्ससच्या मॅकफर्सन गावातल्या तेल कंपनीच्या संघातले, आणि कॉलेजचा एकच. कंपनीचे खेळाडू म्हणजे कॉलेज संपवून नोकरीत वर्षानुवर्षं एकत्र खेळणारे. कॉलेजची पोरं त्यांच्यापुढे टिकली नाहीत. अनुभव जिंकला म्हणायचं तर म्हणा. मी म्हणेन, एकत्र राहिलेले संघ जिंकले.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांवर सुरू झाली, पण सगळ्या संघांना मानांकनाचा आकडा मिळाला तो १९७९ मध्ये. चाळीस वर्षं आकड्याशिवायच चाललं होतं. १९८५ मध्ये संघ चौसष्ट झाले, आणि त्याच वर्षी विलानोव्हा नावाच्या आठव्या मानांकनाच्या कॉलेजने फायनलला आदल्या वर्षीच्या विजेत्या जॉर्जटाउनला ६६-६४ असं हरवलं. त्याहून खालच्या मानांकनाचा विजेता अजून झालेला नाही. सगळे त्याला चमत्कार म्हणतात. पण संघ बघा: त्यांचे तीन मुख्य खेळाडू शेवटच्या वर्षाचे, चार वर्षं एकत्र घासलेले. फायनलला त्यांनी बास्केटवर अठ्ठावीस वेळा चेंडू मारला, बावीस आत. आकडा आठ होता तो त्या मोसमातल्या निकालांचा. चार वर्षांच्या सहवासाला आकडा लावायची सोय कोणाकडेच नव्हती.

आता अनुभववाल्यांनी टाळ्या वाजवायच्या आधी २०१४ ऐका. केंटकी विद्यापीठ, मानांकन पुन्हा आठवं, सुरुवातीचे पाचही खेळाडू पहिल्या वर्षाचे. सगळे म्हणत होते पोरं फुटतील. ती फायनलला गेली. तिथे सातव्या मानांकनाच्या कनेक्टिकटकडून ६०-५४ ने हरली. म्हणजे कोवळ्या संघालाही पुढे जाता येतं, अंगात तेवढी गुणवत्ता असेल तर. झाशीच्या पोरांना आणि ह्या पोरांना एका तराजूत घालायचा मोह होतो, पण घालू नका. केंटकीची पोरं देशभरातून वेचून आणलेली होती. झाशीची पोरं गावात होती म्हणून संघात होती.

आणि व्हर्जिनिया. २०१८. पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून कधीच हरला नव्हता, एकशे पस्तीस सामन्यांत एकदाही नाही. व्हर्जिनिया हरलं, तेही ७४-५४, वीस गुणांनी. पुढच्या वर्षी त्यातलेच बरेच खेळाडू परत आले आणि स्पर्धा जिंकून गेले. पहिलं मानांकन दोन्ही वर्षी होतं. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे जे जास्त होतं ते कुठल्या तक्त्यात बसत नाही. देशासमोर एकत्र हरून, एकत्र घरी जाऊन, पुन्हा एकत्र सरावाला आल्याचा अनुभव होता तो.

मग नोटीस बोर्डासमोरच्या वादात मी कोणाच्या बाजूचा? मानांकन ठेवा, पण कॉलेजला ते देताना मागच्या वर्षीचा निकाल एकटा बघू नका. यंदाच्या यादीतले किती जण त्या निकालात होते ते विचारा. प्रवेशिकेच्या फॉर्मवर एक रकाना वाढवायचा, इतकंच. पाचातले चार राहिले असतील तर आकडा त्यांचा हक्काचा. एकही राहिला नसेल तर चिठ्ठीतून जा. आयोजक म्हणतात, एवढी चौकशी कोण करत बसणार. पण हे न केल्याचा फटका मोठ्या कॉलेजला बसत नाही, त्याला पुढच्या वर्षीही बोलावतात. फटका बसतो तो जिल्ह्याच्या नवख्या संघाला. कर्ज काढल्यासारखी गाडी ठरवून, रात्रभर प्रवास करून ही मुलं येतात, आणि पहिल्याच सामन्यात त्यांच्यासमोर नुसत्या नावाचा डोंगर उभा करतात. काही जण तो सामना खेळायच्या आधीच हरलेले मी पाहिलेत.

ध्यानचंद १९७९ मध्ये दिल्लीत गेले. अंत्यसंस्कार झाशीत झाले, हिरोजच्या मैदानावर. रूपसिंग ग्वाल्हेरला शिंद्यांच्या लष्करात होता, आणि तिथल्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. सचिनने पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक केलं ते ह्याच मैदानावर, २०१० मध्ये. टीव्हीवर ते नाव आपण सगळ्यांनी वाचलं, पण हा रूपसिंग कोण ते फारसं कोणी विचारलं नाही. पुढचा भाग त्याच्यावरच करतोय. भेटू.